मुलं ॲपला गंडवतात, तेव्हा नेमकं काय करायचं?

मेतकूट

नमस्कार. मुलगा सातवीत आहे, सेमी-इंग्रजीला. शाळेने यंदा गणिताचं एक ॲप दिलंय. रोज वीस उदाहरणं सोडवायची आणि शुक्रवारी बाईंकडे सगळ्या वर्गाचा तक्ता जातो. पहिले दोन महिने मी खूश होते. न सांगता बसायचा, वेळेत उठायचा, पडद्यावर हिरव्या खुणाच खुणा.

परवा त्याच्या मागे गवार मोडत बसले होते. टक-टक-टक असा एकसारखा आवाज यायला लागला म्हणून मान वर केली. प्रश्न तो वाचतच नव्हता. हिंटचं बटण तीनदा दाबायचं, तिसऱ्या हिंटच्या शेवटच्या ओळीत उत्तर असतं, ते चौकटीत टाकायचं आणि पुढे. जिथे पर्याय असतील तिथे हिंटचीही गरज नाही. अ, ब, क, ड ओळीने दाबत जायचं, एक तरी हिरवा होतोच. मी घड्याळ लावून बघितलं. चार मिनिटांत सात उदाहरणं.

रात्री त्यातलंच एक वहीत सोडवायला दिलं. २० मजूर एका शेताची खुरपणी ६ दिवसांत करतात, तर १२ मजुरांना किती दिवस लागतील? त्याने उत्तर काढलं ३.६. मजूर कमी झाले आणि काम लवकर संपलं! ॲपवर हा धडा 'पूर्ण' दिसतोय, तीन तारे मिळालेत.

मी खूप ओरडले. तो काही न बोलता झोपायला गेला आणि मग मलाच झोप लागेना. हे कसं थांबवायचं? हिंट बंद करता येते का? रोज शेजारी बसून राहू? त्याला खोटारडा ठरवायचं नाहीये मला, पण हे असंच चालू द्यायचंही नाही. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

पाणकणीस

आमच्याकडे अगदी हेच. मुलगी पाचवीत. अंदाजपंचे दाहोदरसे चालू असतं. वाचतेय.

चिंचगुळ

स्पष्ट लिहितो, राग नसावा. ही फसवणूक आहे आणि फसवणूक म्हणूनच तिच्याकडे बघावं. आज ॲप, उद्या बोर्डाची परीक्षा. सातवीतल्या मुलाला आपण काय करतोय ते चांगलं कळतं. ॲप बंद करा, वही-पेन्सिल द्या, रोज दहा गणितं तुमच्यासमोर. आमच्या घरी आठनंतर टॅब कपाटात जातो आणि किल्ली माझ्याकडे असते.

मेतकूट

चिंचगुळ, राग नाही. पण शाळेचा तक्ता ॲपवरूनच बनतो, त्यामुळे बंद करणं माझ्या हातात नाही.

अर्धविराम

मी पुण्यात अशाच एका ॲपवर काम करतो. तुमच्या मुलाचं ॲप वेगळं आहे, पण यंत्रणा सगळीकडे साधारण सारखी असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिंट पायरीपायरीने येते. पहिली नियमाची आठवण करून देते, दुसरी पद्धत सांगते, तिसरीत उत्तर असतं. उत्तर द्यायचंच कशाला, असं पालक नेहमी विचारतात. त्याचं कारण असं की ज्या मुलाला घरी विचारायला कुणी नाही, ते एका गणितावर अडकलं की तिथेच बसून राहतं आणि दुसऱ्या दिवशी ॲप उघडतच नाही. शेवटची हिंट त्याच्यासाठी आहे.

आम्ही केलेले उपाय सांगतो. आधी दोन हिंटच्या मध्ये दहा सेकंदांची सक्तीची वाट ठेवली. मुलं थांबायला शिकली. नोंदी बघितल्या तर पुढची हिंट बरोबर अकराव्या सेकंदाला दाबलेली. त्या दहा सेकंदांत ती पडद्याकडे बघत तरी होती का, ते आम्हाला कळायला मार्ग नाही. मग पर्यायांची जागा दरवेळी बदलली. त्यानेही फार फरक पडला नाही, कारण चुकलेला पर्याय राखाडी व्हायचा आणि उरलेल्यांतून निवडायचं सोपं व्हायचं.

सगळ्यात उपयोगी पडला तो तिसरा उपाय. उत्तर दाखवलं की ते उदाहरण मोजायचंच नाही. लगेच त्याच प्रकारचं, आकडे बदललेलं दुसरं उदाहरण द्यायचं. २० मजूर, ६ दिवस पाहून झालं? आता ८ नळ, ३ तास. इथे नुसती नक्कल करून भागत नाही.

आणि एक गोष्ट मनापासून कबूल करतो. तारे आम्ही 'किती उदाहरणं संपवली' यावर देत होतो. मुलांनी उदाहरणं संपवली. आम्ही जे मागितलं तेच त्यांनी दिलं. ते मोजमाप ठरवताना मी त्या बैठकीत होतो आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

काळा फळा

सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. आमच्याकडं टॅब सहा आणि सातवीत पोरं एकतीस. म्हणजे एका टॅबला पाच जण. गंडवायचं असलं तरी ते मिळूनच.

पाच जणांत एक पोरगं हुशार असतंय. ते मागनं बोटं दाखवतंय. एक बोट म्हणजे अ, दोन म्हणजे ब. टॅब ज्याच्या हातात, ते पडद्याकडं न बघता बोटांकडं बघतंय! माझ्या ध्यानात यायला महिना गेला, कारण निकाल बघून मीच पोरांना शाबासकी देत होतो.

मग मी पाट्या काढल्या. जुन्या, दगडी, कपाटात पडून होत्या. नियम एकच केला. टॅबवर प्रश्न आला की पाचही जणांनी आपापल्या पाटीवर मांडणी करायची आणि पाट्या पालथ्या ठेवायच्या. सगळ्या पालथ्या झाल्या की एकदम उलटायच्या. पाचांत वेगवेगळी उत्तरं आली तर आधी भांडायचं, का ते सांगायचं, आणि मगच टॅबला हात लावायचा. आता टॅब शेवटी येतोय. दिवसाला वीस होत नाहीत, सहा-सातच होतात. पण त्या सहांवर जी भांडणं होतात, ती ऐकून मला समजतंय कोण कुठं अडलंय. एका पोरीनं परवा दोन मुलांना 'अरं, माणसं कमी झाली तर काम लांबंल का सरंल?' असं ठणकावून विचारलं. मेतकूट ताई, तुमचंच गणित बघा हे.

पाणकणीस

काळा फळा सर, पालथ्या पाट्या! आजच करून बघते. घरात पाटी नाही, पण लेकीच्या डब्याचं झाकण आणि खडू आहे.

आजोबा_सातारा

मी छत्तीस वर्षे गणित शिकवले. यात नवीन काही नाही असे वाचताना वाटत होते. आमच्या वेळी गाईड होते, मित्राचे जर्नल होते, पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची होती. मुले उत्तरसूचीतून उत्तर पाहून उलट्या दिशेने पायऱ्या रचत. कित्येकदा पायऱ्यांचा आणि उत्तराचा काही संबंध नसे, आणि आम्हाला ते पहिल्या दोन ओळींतच कळे.

परंतु विचार केल्यावर एक फरक जाणवला. वही माझ्यासमोर येत असे. ती 'पूर्ण' आहे की नाही हे मी ठरवत असे. इथे मुलाला लगेच शाबासकी मिळते आणि ती शाबासकी त्याने वाचले की नाही हे न पाहता मिळते. मुलाला तरी आपले चुकते आहे हे कसे कळावे? माझी सूचना एवढीच, की बाईंना भेटा. तक्त्यात किती उदाहरणे झाली याच्या शेजारी किती वेळ लागला हाही रकाना असतो. बहुधा त्या तो पाहत नसतील.

तीन नद्या

हा माझ्या आवडीचा विषय आहे, त्यामुळे प्रतिसाद लांबेल. मी अमेरिकेत पिट्सबर्गला राहते आणि शैक्षणिक सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास इथल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठात झाला. रायन बेकर, अल्बर्ट कॉर्बेट, केनेथ केडिंगर आणि सहकाऱ्यांचा २००४ सालचा शोधनिबंध त्यात महत्त्वाचा आहे. गणित शिकवणाऱ्या संगणकीय ट्यूटरवर काम करणारी साधारण १२ ते १४ वर्षांची मुलं त्यांनी वर्गात बसून पाहिली. आपल्याकडे कुणी बघतंय हे मुलांना कळू नये म्हणून निरीक्षक डोळ्याच्या कोपऱ्यातून नोंदी करायचे.

त्यांना दिसलेले दोन प्रकार मेतकूट यांनी धाग्याच्या सुरुवातीलाच लिहिलेत, हुबेहूब तेच: उत्तर येईपर्यंत हिंट दाबत जाणं आणि पर्याय किंवा आकडे ओळीने टाकून बघणं. एकूण वेळेच्या जेमतेम ३ टक्के वेळ मुलं हे करत होती. गप्पा, खोड्या, खिडकीबाहेर बघणं यात त्याहून कितीतरी जास्त वेळ जात होता. तरीही शिकण्यातली खरी घट दिसली ती या ३ टक्क्यांशी जोडलेली. जी मुलं वारंवार असं करायची, ती इतरांच्या साधारण दोन तृतीयांशच शिकली. चकाट्या पिटण्याचा संबंध तेवढा घट्ट नव्हता. मला ते वाचून फार नवल वाटलं होतं, कारण वर्गात आपण ओरडतो ते चकाट्या पिटणाऱ्यांना. टक-टक करणारं मूल तर कामात असल्यासारखं दिसतं.

पुढे २००६ मध्ये त्यांनी 'स्कूटर' नावाचं कुत्र्याचं पिल्लू पडद्यावर बसवलं. मूल नीट काम करत असलं की स्कूटर खूश. गंडवायला लागलं की त्याचा चेहरा उतरायचा, मग रागवायचा, आणि मुलाने जी पायरी टाळली त्यावरच जादा प्रश्न द्यायचा. गंडवणाऱ्या मुलांची संख्या घटली, आणि ज्यांना ते जादा प्रश्न सोडवावे लागले त्यांचा फायदाही झाला. पण ज्यांना तो वारंवार अडवायचा, त्यांना तो आवडला नाही.

चिंचगुळ

बघा, म्हणजे अडवलं की फरक पडतो. मी हेच म्हणत होतो. मुलांना आवडलं नाही तर नाही. कडू औषधही कुणाला आवडत नाही.

शेवंती

चिंचगुळ, इथे मी असहमत. मी मुंबईत सहावी-सातवीला शिकवते. पडद्यावरच्या कुत्र्याने सगळ्या वर्गासमोर एका मुलावर रागवायचं ही कल्पनाच मला बघवत नाही. आमच्या संगणक कक्षात पूर्वी उत्तर चुकलं की 'घूं' असा मोठा आवाज यायचा. एक मुलगा होता. आवाज आला की मान खाली घालून कानशिलं लाल. त्याने काय केलं असेल? हेडफोनची पिन अर्धवट उपसून ठेवली. त्याला आवाजातून सुटायचं होतं. मी आवाज कायमचा बंद करायला लावला, त्या आठवड्यापासून तो तुक्के मारायचा कमी झाला. अडवण्याचा उपयोग होतो हे मला मान्य आहे, पण कशाने अडवता आणि कुणासमोर, याने खूप फरक पडतो.

पाणकणीस

आमच्या मोत्यालाच शेजारी बसवावं म्हणते. तो कधीच रागवत नाही आणि लेक त्याला सगळं समजावून सांगते. :-)

तीन नद्या

पाणकणीस, हे गमतीत लिहिलंय तुम्ही, पण मोत्याला समजावून सांगणं हा उपाय खरंच चांगला आहे! पायरी तोंडाने बोलली की नुसती नक्कल टिकत नाही.

शेवंतीताईंचा मुद्दा मला पटतो. त्याच लोकांच्या पुढच्या कामातही तोच सूर आहे. बेकर आणि सहकाऱ्यांनी नंतर एक प्रश्न विचारला: हा मुलाचा स्वभाव आहे की त्या त्या धड्याचा परिणाम? वर्षभराच्या नोंदी तपासल्या तेव्हा, कोणतं मूल आहे यापेक्षा कोणता धडा आहे यावरून गंडवणं जास्त नीट ओळखता येत होतं. म्हणजे तेच मूल एका धड्यात सरळ आणि दुसऱ्यात टक-टक. मग २००९ मध्ये त्यांनी धडेच तपासले. मांडणी संदिग्ध, पडद्यावर काय करायचं ते अस्पष्ट, उदाहरणं नुसती अमूर्त, अशा धड्यांत हे प्रमाण जास्त होतं.

आणखी एक. २०१० च्या एका अभ्यासात अमेरिकेतले आणि फिलिपिन्समधले विद्यार्थी पाहिले होते. गंडवण्याच्या आधी मुलात दिसत होता तो कंटाळा. चिडचिड, वैताग यांचा तसा धोका दिसला नाही. वैतागलेलं मूल निदान गणिताशी झगडत असतं.

मेतकूट, म्हणून तुम्हाला एक प्रश्न. तो सगळ्याच धड्यांत असं करतो का?

चिंचगुळ

धडा कसाही असो, मुलाने वाचायला हवं. सगळं धड्यावर ढकललं तर मुलाची काही जबाबदारी राहतच नाही.

बरं, उलट गुणांचं काय? जेईई मेनला बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १ असतात. तिथे कुणी अ-ब-क-ड दाबत बसत नाही. ॲपमध्येही तेच करा, तुक्के आपोआप थांबतील.

अर्धविराम

चिंचगुळ, करून बघितलंय. चुकीला गुण कापायला लागलो तेव्हा तुक्के थांबले आणि हिंट वाढल्या. मग हिंटला गुण कापले, तर मुलं मोठ्या बहिणीला विचारायला लागली, आणि ज्यांना बहीण नाही ती कोरं सोडायला लागली. सगळ्यात वाईट म्हणजे ज्यांना खरंच अडलं होतं त्यांनीही हिंट घेणं सोडलं. जेईई ही निवडीची परीक्षा आहे, रोजचा सराव नाही. सरावात चुकायला मुभा हवी.

बॅकबेंचर

मी धाग्यातला सगळ्यात लहान असेन. डिप्लोमाला आहे, दुसरं वर्ष. हे सगळं मी स्वतः केलंय, सहावी ते नववी, रोज. म्हणून लिहावंसं वाटलं.

माझी शाळा पाचवीपर्यंत पूर्ण मराठी. सहावीला घरच्यांनी सेमीला घातलं. गणित-विज्ञान इंग्रजीत. वर्गात बाई मराठीतच समजावायच्या म्हणून चालून जायचं. पण संगणकावर बसलो की सगळं इंग्रजी. प्रश्न इंग्रजीत, हिंट इंग्रजीत. पहिली हिंट म्हणजे तीन ओळी, त्यातले चार शब्द येत नाहीत. दुसरी हिंट अजून लांब. तिसऱ्या हिंटमध्ये शेवटी एक आकडा असायचा. अख्ख्या पडद्यावर मला वाचता येणारी गोष्ट ती एकच होती. मी तो आकडा उचलायचो.

आळस होता का? थोडा असेलही. पण मला गणित यायचं. पाढे तीसपर्यंत पाठ होते. मला 'इन्व्हर्स व्हेरिएशन' म्हणजे काय ते येत नव्हतं. व्यस्तप्रमाण म्हटलं असतं तर आलं असतं. आणि कुणाला सांगायची लाज वाटायची, कारण पडद्यावर तर सगळं हिरवं होतं. सगळं हिरवं असताना 'मला येत नाही' म्हणून हात कसा वर करायचा?

मेतकूट काकू, तुमच्या मुलाला रागवू नका एवढंच. त्याला हिंट मोठ्याने वाचायला सांगून बघा.

शेवंती

बॅकबेंचर, तुझा प्रतिसाद मी दोनदा वाचला. वर्गात आम्ही 'कुणाला शंका आहे का' विचारतो आणि पुढे जातो. उद्या सेमीच्या तुकडीला प्रत्येक हिंट आधी मराठीत सांगायला लावणार आहे.

काळा फळा

पोरा, लाखातलं बोललास. आमच्या गावात ही गोष्ट भाषेची बी हाय आणि शब्दाची बी. मराठी ॲपमध्ये सुद्धा 'राशी', 'चल', 'व्यस्त' असले शब्द आले की पोरांना अडतंय. व्यस्त म्हणजे कामात असलेला, असं एका पोरानं मला सांगितलं होतं. चूक काय त्याची?

आजोबा_सातारा

'व्यस्त'ची गोष्ट खरी आहे. मी व्यस्तप्रमाण शिकवताना कधीही व्याख्येपासून आरंभ केला नाही. पुरणपोळ्यांपासून करीत असे. दोघी जणी सहा तासांत जेवढ्या पोळ्या लाटतात, तेवढ्याच तिघींना किती वेळात होतील? मुली लगेच सांगत, चार. मुलगे म्हणत, नऊ. मग मी मुलग्यांना विचारी, तिसरी आली ती मदतीला आली की जेवायला? वर्ग हसे, आणि पुढच्या वर्षापर्यंत कुणी चुकत नसे. एकूण काम बारा तासांचे, ते वाटून घ्यायचे, इतकेच.

पाणकणीस

अवांतर: आजोबा, पुरण वाटायला एकीला वेगळं काढलं तर गणित बदलतं का? आमच्याकडे तिथेच सगळा वेळ जातो.

आजोबा_सातारा

बदलते! म्हणूनच गणितात 'सर्वांचा कामाचा वेग समान आहे' असे लिहिलेले असते. मुलांना हे वाक्य का लिहितात ते सांगावे. फार कमी जण सांगतात.

जुई_मडगाव

विषय रंगलाय म्हणून एक लिहिते. मुलांवर बोलताना आम्ही शिक्षक आमच्याकडे बघत नाही. मागे एक ऑनलाइन प्रशिक्षण होतं. व्हिडिओ पूर्ण चालला की पुढचा भाग उघडायचा आणि शेवटी प्रमाणपत्र. स्टाफरूममध्ये सहा मोबाइल टेबलावर चालू, आवाज बंद, आणि आम्ही पेपर तपासतोय. प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर आलेली होतीच. मी पण त्यात होते आणि मला ते आठवून बरं वाटत नाही. त्यातला एकच भाग मी नीट पाहिला, वाचन अडणाऱ्या मुलांबद्दलचा, कारण माझ्या वर्गात तसा मुलगा होता आणि मला त्याची गरज होती. बाकीचं प्रशिक्षण कुणासाठी होतं ते आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

चिंचगुळ

जुई यांचा प्रतिसाद वाचून थोडा थांबलो. माझ्या कार्यालयातही सुरक्षेच्या ऑनलाइन प्रशिक्षणात आम्ही सगळे 'पुढे' दाबत जातो. सुरक्षेच्या! मी मुलाला ज्यासाठी बोलतो तेच मी करतो. तरीही जबाबदारी मुलाची आहे हे माझं मत कायम आहे. पण किल्ली लावून कपाटात ठेवणं हा पूर्ण उपाय नाही हे मान्य करतो.

तीन नद्या

एक राहिलं होतं, आणि ते महत्त्वाचं आहे. शेवटची हिंट उघडणारं प्रत्येक मूल गंडवत असतं असं समजू नका. २००८ मध्ये शिह, केडिंगर आणि शाइन्स यांनी मुलांच्या वेळेच्या नोंदी बारकाईने पाहिल्या. काही मुलं सरळ उत्तर उघडतात, पण ते पाहिल्यावर थांबतात. ते असं का आलं याचा विचार करतात आणि मग पुढे जातात. ती मुलं शिकत होती. त्यांच्यासाठी शेवटची हिंट म्हणजे सोडवून दाखवलेलं उदाहरण. पुस्तकातलं नमुना उदाहरण आपणही आधी उत्तरासकट वाचतोच की.

म्हणून मुलाने उत्तर किती वेळा उघडलं ते मोजण्यापेक्षा, उत्तर उघडल्यावर तो किती वेळ थांबला ते बघा.

अर्धविराम

तीन नद्या, हे माझ्या थेट कामाचं आहे. आम्ही हिंटच्या आधीची वाट मोजत होतो, नंतरची कधीच नाही. दोन्ही वेळा आमच्या नोंदींत आहेत. सोमवारी बसून बघतो.

मेतकूट

सगळ्यांचे खूप आभार. उत्तर द्यायला बारा दिवस लावले, कारण खरंच करून बघत होते.

तीन नद्या यांच्या प्रश्नापासून सुरुवात केली. त्याच्या शेजारी बसले आणि मागचे धडे उघडले. कोनांच्या धड्यात हिंट जवळजवळ नाहीतच. एकेका उदाहरणाला दोन-अडीच मिनिटं, दोनदा चुकून मग बरोबर. पूर्णांकांचाही धडा सरळ सोडवलेला. टक-टक सुरू झाली ती समप्रमाण-व्यस्तप्रमाणापासून. मला वाटलं होतं दोन्ही महिने हेच चाललंय, ते चूक होतं. तीनच आठवडे होते.

मग बॅकबेंचरने सांगितलं तसं केलं. म्हटलं, पहिली हिंट मला वाचून दाखव. त्याने वाचली, इंग्रजी उच्चार सगळे नीट. म्हटलं, आता मला मराठीत सांग. तो गप्प. मग हळूच म्हणाला, 'आई, यातलं प्रॉडक्ट म्हणजे दुकानातलं ना?' गुणाकाराला प्रॉडक्ट म्हणतात हे त्याला माहीतच नव्हतं. 'दोन राशींचा गुणाकार कायम राहतो' ही अख्खी हिंट त्याने दुकानातल्या वस्तूबद्दल आहे असं समजून रोज वाचली आणि रोज सोडून दिली. मला रडूच आलं. त्या रात्री मी काय काय बोलले होते ते आठवलं.

आजोबांच्या पोळ्या केल्या, म्हणजे गणितातल्या. २० गुणिले ६ म्हणजे १२०, एका माणसाचं १२० दिवसांचं काम. ते १२ जणांत वाटलं की १०. एकदा ते '१२०' दिसल्यावर पुढची चार त्याने माझ्याकडे न बघता केली.

आता आमची पद्धत अशी आहे. वीस उदाहरणं करायचीच आहेत, शाळेचा नियम आहे. पण उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिहिल्याशिवाय टॅबला हात लावायचा नाही (काळा फळा सरांची पाटी). हिंट घ्यायला पूर्ण मुभा. शेवटची घेतली तर आकडे बदलून तसंच एक उदाहरण त्याने स्वतः बनवायचं आणि मला सोडवायला द्यायचं. मी परवा एक चुकले, त्याला फार आनंद झाला. एखाद्या दिवशी कंटाळतो आणि पुन्हा टक-टक ऐकू येते. तेव्हा मी रागवत नाही, कुठल्या उदाहरणावर आहे ते बघते.

बाईंनाही भेटले. वेळेचा रकाना खरंच होता. त्यांनी उघडून पाहिला तर त्या धड्यात वर्गातल्या पंधरा-सोळा मुलांना उदाहरणामागे अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ लागलेला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तो धडा फळ्यावर पुन्हा घेतला.

बॅकबेंचर

काकू, प्रॉडक्ट! मला पण नववीपर्यंत तसंच वाटायचं.

काळा फळा

ताई, तुमच्या मुलाला विचारा, असे अजून कोणते शब्द अडतात. यादी मिळाली तर माझ्या पोरांसाठी भिंतीवर लावीन.

मेतकूट

सर, विचारलं. त्याने एका बसणीत अकरा शब्द लिहून दिले. प्रॉडक्ट, कॉन्स्टंट, रेस्पेक्टिव्हली, व्हेरी... 'व्हेरी', म्हणजे बदलणं, ते तो 'खूप' असं समजून चालला होता. प्रत्येकाच्या पुढे त्याने स्वतः मराठी अर्थ आणि एक छोटं उदाहरण लिहिलंय, जुन्या पत्रिकांच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर. फोटो काढून व्यक्तिगत निरोपातून पाठवते. त्याच्या दोन मित्रांनी त्या चिठ्ठ्या उतरवून नेल्या, आणि काल एकाची आई विचारत होती, सरळव्याजाच्याही आहेत का. तो धडा सोमवारी सुरू होतोय.